एक ऑगस्टला मुलगा बोटीवर की वर्गात?

मंडळी, दिघीत बोलायचं तर सुरुवात समुद्राच्या कॅलेंडरपासूनच करायला हवी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नेमक्या याच दिवसांत कॉलेजचे प्रवेश असतात, म्हणजे घरात पैसा नसताना फी भरायची. मग १ ऑगस्टला होड्या सुटतात आणि तिकडे वर्ग नुकतेच रुळायला लागलेले असतात. बोटीला खलाशी हवा असतो, हप्ता तुंबलेला असतो, आणि घरात अठरा वर्षांचा धडधाकट मुलगा बसलेला असतो. तो ‘चार फेऱ्या मारून येतो’ म्हणून जातो. मुंबई विद्यापीठाला हजेरी लागते ७५ टक्के. दिवाळीपर्यंत तो हिशोबच संपतो.

याला आपण काय म्हणतो? ‘मुलांना शिक्षणाची आवडच नाही, मुली बघा कशा शिकतात.’ मला हे पटत नाही. मुलगी शिकते हे उत्तमच. २०२४पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ आहे. पण मुलाला बाहेर रोज मिळतो: बोटीवर, बंदरात, नाहीतर आखातात मामाकडे. त्याला कॉलेजबाहेर ओढणारा दोर जास्त जाड आहे, इतकंच.

अमेरिकेत काळ्या आणि लॅटिनो मुलग्यांबद्दल हेच बोललं जायचं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘असॅप’ नावाची योजना काढली, मुलं-मुली दोघांसाठी. त्यांच्या कम्युनिटी कॉलेजांत गरीब घरची, काळी आणि लॅटिनो मुलं खूप. योजनेत होतं काय? उरलेली फी माफ, पुस्तकं, मेट्रोचा पास, आणि वारंवार भेटणारा एक सल्लागार. मुख्य अट, पूर्णवेळ शिकायचं. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि तीन वर्षं पाहिलं. योजनेतले ४० टक्के पदवीधर झाले, बाहेरचे २२ टक्के. पास आणि माणूस, एवढ्याने बघा!

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात आणलं, आणि पुढे शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ चालवलं. मुलाला कमवायचंच आहे हे त्यांनी आधी मान्य केलं, मग त्या कमाईला कॉलेजच्या आत जागा दिली.

दिघीत काय करता येईल? इथे बंदर आहे, औद्योगिक शहर येणार म्हणतात. २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिलेल्या बारा ठिकाणांत दिघीचं नाव आहे. तिथे पदवीधर बाहेरून आणायचे आणि हमाल इथले घ्यायचे, असं होऊ नये ना? मग प्राध्यापकांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गैरहजर मुलांची यादी काढावी आणि थेट घरी फोन लावावा. परीक्षेच्या फॉर्मची वेळ येईपर्यंत थांबू नये. जेट्टीपलीकडे आगरदांड्याला जाणाऱ्यांचं प्रवासभाडं गावाने वर्षभर उचलावं. आणि तांडेल मंडळींना माझी विनंती आहे, विद्यार्थी खलाशी शनिवार-रविवारीच घ्या. त्याचा वाटा कमी द्या, चालेल.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.