स्वमग्न विद्यार्थ्याचा वर्ग-सहायक

अलीकडे काही शाळांतून एखाद्या विद्यार्थ्याशेजारी एक प्रौढ व्यक्ती बसलेली आढळते. पालक तिला 'शॅडो टीचर' म्हणतात. तिचे कार्य कोणते व त्याची मर्यादा कोणती, ह्याचा आपण येथे विचार करू.

स्वमग्नता हा मेंदूच्या विकासातील एक वेगळेपणा होय. डॉ. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. पुढे तिचे खापर मातेच्या शुष्क वागणुकीवर फोडण्यात आले. बर्नार्ड रिमलंड ह्यांनी १९६४ साली हे मत खोडून काढले. जन्मांध मनुष्याविषयी, पाप कोणाचे, असा प्रश्न शिष्यांनी केला होता व प्रभूने तो अमान्य केला. स्वमग्न मुलाच्या आईबापांपुढे तोच प्रश्न आपण पुन्हा उभा करू नये.

बोललेला शब्द विरून जातो. चित्र डोळ्यांपुढे टिकते. म्हणून सहायक दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर मांडतो : प्रार्थना, गणित, डबा, खेळ. क्रमात बदल असल्यास तो आधी दाखवावा. कारण अकस्मात बदलाने होणारा आकांत हा बहुधा हट्ट नसून भय असते. सूचना एका वेळी एकच द्यावी व उत्तराची वाट पाहावी. 'जीभ आवर' असे म्हटल्यास मूल ते शब्दशः घेण्याचा संभव असतो. डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नये. खाली पाहूनही ते ऐकत असते. घंटेच्या नादाने कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला रागे भरू नये.

परंतु ह्या सेवेत एक धोका आहे. सहायक सदैव बिलगून राहिला, तर शिक्षक मुलाला प्रश्न विचारीनासे होतात, सवंगडी सहायकाशीच बोलू लागतात, आणि मूल वर्गात असूनही वर्गाबाहेर राहते. म्हणून प्रथम हात धरून, मग बोटाने दाखवून, मग केवळ खुणेने, आणि अखेर दूर उभे राहून, असे साहाय्य पायरीपायरीने कमी करीत न्यावे. शिकविण्याचे दायित्व शिक्षकाचेच राहते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्यात नोंदलेल्या एकवीस दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे, व समावेशक शिक्षणाचे तत्त्वही त्यात मान्य झाले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातही चित्रांची पट्टी, एक शांत कोपरा व थोडा धीर एवढ्याने आरंभ करता येईल. त्यासाठी सहायक नेमला जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.