दैनंदिन खेळातून बालकांची शारीरिक सुदृढता : सोलापूर शहराच्या संदर्भात

शारीरिक सुदृढता केवळ व्यायामशाळेत प्राप्त होत नाही. बालवयात ती प्रामुख्याने दैनंदिन खेळातूनच विकसित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वयोगटासाठी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल आवश्यक आहे. लंगडीतील उड्यांमुळे हाडे बळकट होतात व तोल सुधारतो. खो-खोमुळे चपळता व दम वाढतो. या खेळांना फारसे साहित्य लागत नाही. जागा व वेळ मात्र लागते.

सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसपुढे जात असल्याने सकाळ व सायंकाळ याच खेळाच्या वेळा उरतात. त्याही शिकवणीवर्गांनी व्यापल्यास मुलांनी खेळावे केव्हा? म्हणून पालकांनी सायंकाळचा एक तास राखून ठेवावा व महाविद्यालयांनी त्या वेळी आपली मैदाने परिसरातील मुलांसाठी खुली करावीत.