शाईचा डाग: आधी शाई ओळखा, मग उपाय करा



जून लागला, शाळा सुरू झाल्या, की आमच्या जोयडा तालुक्यातील माताभगिनींच्या मागे दोन कामे हमखास लागतात. एक म्हणजे संततधार पावसात कपडे वाळवणे आणि दुसरे म्हणजे मुलांच्या गणवेशावरील शाईचे डाग काढणे. पहिल्या कामावर आमच्याकडे उपाय नाही. दुसऱ्यावर मात आहे, आणि तो बहुतेक घरांत चुकीचा केला जातो, म्हणून हा लेख.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका घरी घडलेला प्रसंग सांगतो. मुलाच्या पहिल्या कम्युनियनसाठी शिवलेला पांढरा सदरा. खिशात बॉलपेन राहिले आणि ते गळले. आईने घाईघाईने गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून सदरा भिजवला, ब्रशने खसाखसा घासला आणि रात्री चुलीवरच्या दोरीवर वाळत टाकला. सकाळी बघते तो बोटाएवढा डाग तळहाताएवढा पसरून पक्का झालेला. मग कोणी तरी सांगितले, रॉकेल लावा. वाटीत रॉकेल घेऊन ती पेटत्या चुलीशेजारीच बसली. शेजारीण वेळेवर ओरडली म्हणून अनर्थ टळला.

या एका प्रसंगात चार चुका झाल्या. शाई कोणती हे पाहिले नाही, गरम पाणी वापरले, जोराने घासले आणि ज्वालाग्राही पदार्थ चुलीजवळ नेला. पहिल्या तीन चुकांनी सदरा गेला. चौथीने घर गेले असते.

सर्व शाया एक नव्हेत

डाग काढणे म्हणजे डागाला विरघळवणारा पदार्थ शोधणे. मीठ पाण्यात विरघळते, तेलात नाही. तसेच शाईचे आहे. एक शाई पाण्यात विरघळते, दुसरी स्पिरिटमध्ये, तिसरी आंबट पदार्थाने सुटते आणि चौथी कशानेच जात नाही. म्हणून मुलाला रागावण्याआधी विचारावे, "बाळ, पेन कोणते होते?"

१. दौतीतील शाई

फाउंटन पेनची निळी शाई ही बहुधा पाण्यात विरघळवलेला रंग असते. आपल्याकडे कॅमलिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीचा आरंभ १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीनेच झाला. पुडी पाण्यात मिसळली की शाई तयार. जी पाण्याने बनली, ती पाण्याने सुटते. डाग ओला असतानाच कापड उलटे करून मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडावी. निघेल तेवढा रंग निघू द्यावा आणि मगच साबण लावावा. थोडी छटा उरली तर लिंबाचा रस व मीठ लावून तासभर ठेवावे व धुवावे. आंबट ताकात भिजवण्याचा जुना उपाय त्याच जातीचा आहे. तो सावकाश काम करतो एवढेच.

२. लोखंड असलेली काळी-निळी शाई

जुन्या नोंदवह्या, खरेदीखते व बाप्तिस्म्याची पुस्तके बहुधा या शाईने लिहीत. हिरडा किंवा तसाच तुरट पदार्थ आणि हिराकस यांच्या मिश्रणातून ती होते. हिराकस हा लोखंडाचा क्षार. ही शाई कागदावर फिकट उतरते आणि हवा लागली की काळी होते. कच्चे केळे लोखंडी विळीवर चिरताना हात काळे होतात ना, तीच ही क्रिया.

अशी शाई आता कमी मिळते, पण डाग पडलाच तर सोडा लावू नये. सोड्याने निळा रंग जातो आणि लोखंड गंजासारखे पिवळट तपकिरी होऊन धाग्यात बसते. येथे आंबट पदार्थ हवा. लिंबू व मीठ, किंवा आपल्या परसातील बिंबले. बिंबल ठेचून त्याचा रस डागावर चोळावा, अर्धा तास ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. गंजाचा डागही याच रीतीने जातो. रंगीत कापडाचा रंगही यामुळे उतरू शकतो, म्हणून आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहावे.

बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असते, म्हणूनच ते डाग काढते. पण हेच आम्ल शरीरात गेल्यास मूत्रपिंडाला इजा करते. कोलेस्टेरॉल कमी होईल या समजुतीने बिंबलाचा कच्चा रस पेला पेला प्यायल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना केरळातील डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. आमटीत दोन बिंबले घालणे वेगळे आणि रस पिणे वेगळे. बाजारात मिळणारी ऑक्झॅलिक आम्लाची पांढरी पूड तर विषच आहे. ती साखरेसारखी दिसते. घरात आणू नये हेच बरे.

३. बॉलपेन, शिक्क्याची शाई व मार्कर

दौतीतील शाई गळते व लवकर सुकत नाही, म्हणून हंगेरीतील लास्लो बिरो या वृत्तपत्रात काम करणाऱ्या गृहस्थाने दाट, तेलकट शाईचे गोळीचे पेन तयार केले व १९३८ साली त्याचे पेटंट घेतले. ही शाई पाण्याला दाद देत नाही. म्हणून या डागाला आधी पाणी लावूच नये. कोरड्या कापडावरच पुढीलप्रमाणे करावे.

एक जुनी पांढरी चिंधी घडी करून जमिनीवर ठेवावी. डाग खाली येईल असे कापड त्यावर उलटे पसरावे. औषधाच्या दुकानातील स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन मागच्या बाजूने टिपावे. कडेकडून मध्याकडे जावे, म्हणजे डाग पसरत नाही. घासू नये. शाई खालच्या चिंधीत उतरताना दिसेल. चिंधीची जागा बदलत राहावे, नाही तर निघालेली शाई पुन्हा कापडाला लागते. पाच-सहा वेळा असे केल्यावर साबण लावून थंड पाण्याने धुवावे.

स्पिरिट नसेल तर २०२० च्या कोरोना काळापासून पुष्कळ घरांत हात निर्जंतुक करण्याचे जे सॅनिटायझर आहे, ते चालते. त्यात अल्कोहोल साधारण ६० ते ८० टक्के असते. रंगीत सॅनिटायझर मात्र घेऊ नये. अनमोडच्या घाटापलीकडून येणारी फेणी वापरून पाहणारेही आहेत. तिच्यात अल्कोहोल निम्म्याहून कमी आणि बाकीचे बहुतेक पाणीच, त्यामुळे डाग धड निघत नाही. नखांचा रंग काढण्याचे औषध सुती कापडाला चालते, पण काही प्रकारच्या कृत्रिम रेशमाला विरघळवून भोक पाडते.

कार्यालयातील शिक्क्याची जांभळी शाई व मार्करची शाई यांना हीच रीत लावावी. जेल पेनची काळी शाई मात्र चिवट असते. तिच्यात पुष्कळदा काजळीसारखे न विरघळणारे कण असतात. साबण व स्पिरिट यांनी ती फिकी होईल, पूर्ण जाईलच असे नाही.

४. जो डाग जाणारच नाही

मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. हा कारखाना १९३७ साली महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी सुरू केला आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून तेथील शाई वापरात आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते व उजेड लागला की ती काळी पडते. ती जाऊ नये म्हणूनच बनवलेली आहे. बोट पुरते सुकेपर्यंत कपड्यांना लावू नये, हाच उपाय.

दुसरी शाई आपल्या रानातली, म्हणजे बिब्बा. कोवळ्या काजूगरालाही काही घरांत बिबे म्हणतात, ते हे नव्हे. रानातील काळ्या बिब्ब्याच्या रसाने धोबी लोक कपड्यांवर खुणा करीत व वर चुना लावून पक्क्या करीत. कितीही धुतले तरी ती खूण जात नसे. म्हणून बिब्ब्याचा डाग काढण्याच्या नादी लागू नये. तो रस कातडीला लागला तर फोड येतात. तेलात भिजवलेल्या चिंधीने लगेच पुसून साबणाने धुवावे. फोड आल्यास ते फोडू नयेत, डॉक्टरांना दाखवावे. काजूच्या टरफलातील तेलही याच जातीचे आहे. काजू भाजून सोलणाऱ्यांनी हे विसरू नये.

शेतातील निळा डाग

सुपारीच्या कोळे रोगावर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंचे कपडेही निळे होतात. १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व १ किलो चुना, असे हे मिश्रण. तो डाग शाईचा नसून तांब्याचा आहे. व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात भिजवल्यास तो सुटतो. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि ते पाणी विहिरीच्या काठी किंवा गुरे पितात त्या ओहोळात सोडू नये.

उष्णतेपासून दूर

पावसाळ्यात आपण कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळवतो. उष्णतेने डाग धाग्यात घट्ट बसतो. इस्त्रीनेही तेच होते. डाग पूर्ण गेला की नाही हे कापड वाऱ्यावर सुकल्यानंतर उजेडात पाहावे. राहिला असल्यास पुन्हा उपाय करावा. तोवर चूल नको, इस्त्री नको.

जिवाची काळजी

आता सर्वांत महत्त्वाचे.

स्पिरिट, सॅनिटायझर व रॉकेल यांचे काम स्वयंपाकघरात कधीही करू नये. बाहेर पडवीत, उजेडात बसावे. जवळ दिवा, चूल, पेटती विडी नसावी. स्पिरिटची ज्वाला दिवसाच्या उजेडात नीट दिसतही नाही.

विहिरीत टाकण्यासाठी आणलेली ब्लीचिंग पावडर डागासाठी वापरण्याचा मोह होतो. ती कपड्याचा रंग खाते, रेशीम व लोकर तर नासवतेच. त्याहून वाईट म्हणजे तिच्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडण्यात आला होता. बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. दोन औषधे एकत्र केली तर डाग दुप्पट वेगाने जाईल, ही समजूत सोडून द्यावी.

यांपैकी कोणताही पदार्थ पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. तहानलेले मूल बाटली पाहते, आतला पदार्थ पाहत नाही. मूळ बाटलीतच, वर फळीवर, कुलपात ठेवावे. चुकून मुलाने रॉकेल किंवा आम्ल प्यायले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. रॉकेल ओकताना फुप्फुसात जाते, आम्ल घसा दुसऱ्यांदा जाळते. मुलाला ताबडतोब इस्पितळात न्यावे व ती बाटलीही सोबत न्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पण आपल्या वाड्या दूर आहेत आणि सर्व ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून कोणाची गाडी कोठे उभी असते हे आधीच ठाऊक असावे. डोळ्यात काही उडाल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धूत राहावे, मग डॉक्टरांकडे जावे.

थोडक्यात

दौतीच्या शाईला थंड पाणी. लोखंडाच्या शाईला लिंबू किंवा बिंबल. बॉलपेनला स्पिरिट, पाण्याच्या आधी. बिब्बा व मतदानाची शाई यांना काही नाही. घासणे, तापवणे व औषधांची मिसळ करणे, या तिन्ही गोष्टी वर्ज्य.

इतके करूनही डाग राहिला, तर राहू द्यावा. त्यावर खिसा शिवता येतो. वर सांगितलेल्या घरी तसेच केले. कम्युनियनच्या दिवशी त्या सदऱ्याला एक खिसा जास्त होता आणि मूल आनंदात होते. शाईच्या डागासाठी मुलाला मारू नये. आपल्या आजोबांपैकी अनेकांच्या कपड्यांवर असा डाग कधी पडलाच नाही, कारण त्यांच्या हाती पेनच आले नव्हते.