गवंड्याची हत्यारं आणि ट्रायपॉडचं हेड

(विस्तीर्ण दृश्यांची छायाचित्रं : लेखांक ६)

मेढ्याच्या बाजूने अवचितगड चढून तटावर आलं, की खाली कुंडलिकेचं खोरं उलगडतं. एकीकडे रोहा-धाटावची वस्ती, दुसरीकडे हवा स्वच्छ असेल तर तैलबैल्याच्या भिंती आणि सुधागड. एवढं एका चौकटीत मावणार नाही, म्हणून छायाचित्रकार कॅमेरा वळवत वळवत दहा-बारा फोटो घेतो आणि घरी संगणकावर जोडतो. जोडल्यावर लांबचे डोंगर बिनचूक जुळतात, पण हाताशी असलेला तटाचा चिरा मात्र दोन ठिकाणी तुटलेला दिसतो. बहुतेक जण सॉफ्टवेअरला दोष देतात. चूक त्याच्या आधी, गडावरच झालेली असते, आणि ती असते हेडची. ट्रायपॉडच्या पायांवर बसून कॅमेऱ्याला धरणारा आणि फिरवणारा भाग म्हणजे हेड.

मागच्या आठवड्यात पाय पाहिले, आता हे डोकं.

कॅमेऱ्याचा स्क्रू त्याच्या पोटाखाली, साधारण सेन्सरच्या रेषेत असतो. लेन्स मात्र जग पाहते ते त्याच्या पुढच्या एका बिंदूतून. समोरून लेन्समध्ये डोकावलं तर आत जे छिद्र दिसतं, तिथे हा बिंदू असतो. छायाचित्रकार त्याला सवयीने ‘नोडल पॉइंट’ म्हणतात. प्रकाशशास्त्रातलं नाव वेगळं आहे, पण बाजारात हेच चालतं. कॅमेरा स्क्रूभोवती फिरला, की हा बिंदू जागेवर राहत नाही, घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो. म्हणजे प्रत्येक फोटो किंचित वेगळ्या जागेवरून काढला जातो.

किंचित म्हणजे किती? बिंदू आसापासून १० सेंटिमीटर पुढे आहे आणि दोन फोटोंमध्ये कॅमेरा ३६ अंश वळला, असं धरू. बिंदू सहा सेंटिमीटरहून थोडा जास्त सरकतो. २४ मिलिमीटरची लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा उभा धरलेला, आडव्या बाजूला ४,००० पिक्सेल. या हिशेबाने एक मीटरवरचा कठडा लांबच्या डोंगराच्या तुलनेत जवळजवळ २५० पिक्सेल सरकतो. एक किलोमीटरवरचं झाड? पाव पिक्सेल. ते कोणाच्या डोळ्यालाही कळणार नाही.

म्हणून हेड निवडताना पहिला प्रश्न दृश्य किती मोठं आहे हा नसतोच. चौकटीत सगळ्यात जवळची वस्तू कोणती, हा असतो. गडाच्या कड्यावरून नुसतं खोरं टिपायचं असेल, तर साधं हेड पुरतं. छायाचित्रकार फेलिस बिआटोने १८५८ साली दिल्ली आणि लखनौची दूरवर पसरलेली दृश्यं अनेक काचांवर टिपून शेजारी शेजारी मांडली, तेव्हा त्याच्याकडे आजची साधनं नव्हती. उंचावरून लांबचं पाहताना त्यांची गरजही फारशी पडत नाही. पण तटाचा कठडा, देवळाच्या मंडपातले खांब, कुडे लेण्यांतले हत्ती असं काही हाताच्या अंतरावर आलं, की कॅमेरा त्या बिंदूभोवतीच फिरवावा लागतो. तिथे पर्याय नाही.

त्यासाठी लागते नोडल रेल. क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकणारी ही एक लांब पट्टी, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. तिचं माप धाटावच्या एखाद्या अंगणातही ठरवता येतं. कपडे वाळत घालायच्या दोरीचा बांबू जवळची खूण, एमआयडीसीतली चिमणी लांबची. दोन्ही एका रेषेत येतील असा ट्रायपॉड लावायचा आणि कॅमेरा उजवीकडे वळवायचा. बांबू चिमणीच्या डावीकडे सरकला, तर लेन्स आसाच्या पुढे आहे. कॅमेरा रेलवर मागे घ्यायचा. उजवीकडे सरकला, तर फार मागे गेला; थोडा पुढे. कितीही वळवला तरी बांबू चिमणीला सोडत नाही, तिथे रेलवरचा आकडा लिहून ठेवायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि एका लेन्ससाठी एकदाच करावं लागतं. झूम लेन्सला मात्र प्रत्येक फोकल लेंग्थचा आकडा वेगळा.

आता हेडचा खरा घोळ. दुकानात बहुधा बॉल हेड पुढे केलं जातं. ते हलकं, मजबूत, एका मुठीत आवळता येणारं, आणि एकेकट्या फोटोसाठी उत्तमच. पण त्याची फिरणारी चकती गोळ्याच्या खाली असते. पाय तिरके असले आणि गोळा हलवून कॅमेरा सरळ केला, तरी फिरण्याचा आस तिरकाच राहतो. आस दोन अंश कलला असेल आणि पहिला फोटो अगदी सपाट घेतला असेल, तर १८० अंश वळल्यावर कॅमेरा चार अंश वर किंवा खाली पाहू लागतो. क्षितिज लाटेसारखं होतं, आणि ते सरळ करताना वरचं-खालचं बरंच चित्र कापून टाकावं लागतं. तीन दांड्यांच्या पॅन-टिल्ट हेडचंही हेच, वर दांड्या झोळीत अडकतात.

गवंडी भिंत रचताना आधी पाणसळ लावतो, तीही तळाच्या थराला. इथेही तेच. लेव्हलिंग बेस नावाची छोटी वाटी पाय आणि हेड यांच्यामध्ये बसते. तिच्यातला बुडबुडा मध्ये आणला की आस उभा. स्वस्त वाट म्हणजे बॉल हेडच्या वरच फिरणारा क्लॅम्प बसवणं. मग गोळाच पाणसळीचं काम करतो आणि फिरणं त्याच्या वर होतं. आधीच चांगलं बॉल हेड असलेल्याने दुसरं हेड घेण्याऐवजी हा क्लॅम्प आणि रेल घ्यावी.

कॅमेरा उभा धरला तर आकाश आणि जमीन दोन्ही जास्त मिळतात. बॉल हेड बाजूला कलंडवून ते जमतं, पण लेन्स आसावरून बाजूला जाते आणि केलेली मापं वाया जातात. म्हणून एल ब्रॅकेट, गवंड्याच्या गुण्यासारखा काटकोनातला तुकडा. ३८ मिलिमीटर रुंदीची आर्का-स्विस पद्धतीची पट्टी बहुतेक कंपन्यांनी उचलली आहे, तरी घेताना रेल, क्लॅम्प आणि ब्रॅकेट एकमेकांत बसवून पाहावेत. हेडखालचा स्क्रू तीन सुती आहे की दोन सुती, तेही. धाटावच्या कोणत्याही फिटरला हा फरक नजरेने कळतो.

वर-खाली दोन-तीन ओळींत फोटो घेऊन पूर्ण गोल टिपायचा असेल, तर दोन आसांचं पॅनोरमा हेड लागतं. नोडल निन्जासारख्या कंपन्यांनी त्यातच नाव कमावलं. ते जड असतं. देवळाचा गाभारा किंवा लेणं यांसाठीच ते न्यावं.

ठरावीक अंशांवर ‘टक्’ करून थांबणारी चकती मात्र फार कामाची. अवचितगडावर बारा कोनांचा एक तलाव आहे. त्याच्या काठावरून पूर्ण फेरी टिपायची, तर २४ मिलिमीटरची उभी चौकट साधारण ५३ अंश व्यापते. चकती ३० अंशांवर ठेवली की बरोबर बारा फोटो होतात आणि प्रत्येक दोन फोटोंत ४० टक्क्यांहून जास्त भाग सामाईक राहतो. अंधार पडू लागला तरी डोळे ताणावे लागत नाहीत, बोटांना टक् कळतं.

आणि ट्रायपॉडच नसेल तर ओळंबा. लेन्सच्या पुढच्या कडीला दोरा बांधायचा, टोकाला नट किंवा शिसं, आणि जमिनीवर एक खडा. दर फोटोच्या वेळी कॅमेरा नाही, स्वतः फिरायचं. वजनाचं टोक त्या खड्यावरच ठेवायचं. वाऱ्यात दोरा हलतो, तो थांबेपर्यंत थांबायचं.

(पुढील आठवड्यात : हलती माणसं, हलतं पाणी आणि फोटोंची जोडणी)