दोन इंच पुढे, तीन इंच मागे

अमेरिकेत शेव्हरोले टाहोच्या दोन गाड्या शेजारी उभ्या दिसल्या, एक घरगुती आणि एक पोलिसांची, तर थोडं वाकून पाहावं. २००७ ते २०१४ या पिढीत जनरल मोटर्सनं पाठलागासाठी जी टू-व्हील ड्राइव्ह टाहो पोलिस दलांना विकली, तिचं सस्पेन्शन कारखान्यातच खाली घेतलेलं होतं. अडीच टनांच्या आसपास वजनाची उंच गाडी भरधाव वेगात वळवायची, तर आधी ती जमिनीजवळ आणली पाहिजे, हे तिच्या निर्मात्यांनीच मान्य केलं होतं.

त्यामागचं गणित सोपं आहे. गाडी उलटण्याचा धोका मोजताना अमेरिकेची एनएचटीएसए ही रस्ता-सुरक्षा संस्था एक भागाकार करते: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. बहुतेक मोटारींत हा आकडा १.३ ते १.५ येतो, एसयूव्ही आणि पिकअपमध्ये १ ते १.३. टाहोच्या चाकांमधलं अंतर साधारण ६८ इंच आहे. गुरुत्वमध्य २९ इंचांवर धरला, तर उत्तर १.१७ येतं. तो पुरता दोन इंच खाली आला, तर १.२६. चाकं आणि ॲक्सल जागच्या जागीच राहत असल्यानं प्रत्यक्षातला फायदा थोडा कमी असतो, पण तो जाणवण्याजोगा असतो.

हा फायदा हाती लागतो की निसटतो, ते ठरतं सुट्या भागांच्या निवडीवर.

गाडी किती खाली घ्यायची, याचं मोजमाप अमेरिकी गॅरेजांत जोडीनं सांगतात. ‘टू-थ्री’ म्हणजे पुढे दोन इंच खाली, मागे तीन. कारखान्यातून येणारी गाडी मागच्या बाजूनं मुद्दाम किंचित उंच ठेवलेली असते. सामान भरलं किंवा ट्रेलर जोडला की ती सपाट बसते. म्हणून रिकाम्या गाडीला सरळ रेषेत आणायचं, तर मागून जास्त उतरवावं लागतं. मात्र जो दर शनिवारी बोट ओढून तळ्यावर नेतो, त्यानं मागच्या तीन इंचांचा दोनदा विचार करावा. ट्रेलरचा भार पडताच त्याच्या गाडीचं नाक वर जाईल.

पुढच्या बाजूला दोन मार्ग आहेत. या पिढीच्या टाहोत पुढे शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते. ती आखूड केली, किंवा तिची बैठक खाली घेता येईल असा शॉकअप बसवला, की बॉडी उतरते. खर्च कमी, काम झटपट. पण बॉडी उतरली की चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या कंट्रोल आर्मचे कोन बदलतात. वरचा आर्म खालच्यापेक्षा लांबीला कमी असल्यानं चाकाचा माथा आत झुकतो आणि टायर आतल्या कडेनं झिजू लागतो. त्याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. वळणावर बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि बॉडीला कलंडवणारा जोर त्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. स्थैर्यासाठी खाली घेतलेली गाडी अशा वेळी वळणावर अधिक झुकू शकते.

दुसरा मार्ग ड्रॉप स्पिंडलचा. चाक ज्या भागावर फिरतं, तो स्पिंडलच बदलायचा. नव्या स्पिंडलवर चाकाचा मध्य बॉल जॉइंटच्या तुलनेत दोन इंच वर असतो, म्हणून बॉडी तेवढी खाली येते. स्प्रिंग मूळचीच, शॉकअप मूळचा, आर्मचे कोन जवळपास होते तसेच. पैसे जास्त मोजावे लागतात आणि लहान रिमच्या आत हा स्पिंडल घासणार नाही ना, हे आधी पाहावं लागतं. तरीही टू-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी हाच मार्ग निःसंशय सरस आहे. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद जात असेल, तर ॲक्सल शाफ्टच्या सांध्यांचे कोन सांभाळावे लागतात आणि पर्याय कमी होतात.

मागे मात्र स्पिंडलची सोय नाही. २०२१ची नवी पिढी येईपर्यंत टाहोला मागे अखंड ॲक्सल होता: दोन कॉइल स्प्रिंगा, मागे-पुढे धरणारे चार दांडे आणि ॲक्सलला आडवं धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड. इथे आखूड स्प्रिंग घ्यावीच लागते आणि तिथेच खरी कसोटी लागते. स्प्रिंग जेवढी ऊर्जा पचवते, ती तिच्या दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा दबायला चार इंच जागा होती आणि ती दोन उरली, तर तोच दणका पचवायला स्प्रिंग चौपट ताठ लागेल. एवढी ताठ स्प्रिंग कोणी देत नाही, कारण मग घरच्यांना मागच्या सीटवर बसवेना. म्हणून रबरी बंप स्टॉप आखूड करून थोडी जागा परत मिळवतात आणि कमी उंचीसाठी बनवलेला शॉकअप घालतात. जुना लांब शॉकअप तसाच ठेवला, तर तो खालच्या टोकाला आपटून लवकर निकामी होतो. स्प्रिंगांवर खर्च करून शॉकअपवर पैसे वाचवणं ही या कामातली सर्वांत महागडी काटकसर आहे.

ॲक्सलच्या सापेक्ष बॉडी उतरली, की पॅनहार्ड रॉडचा कोन बदलतो आणि ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. लांबी बदलता येणारा रॉड घेतला, की ॲक्सल पुन्हा मध्यावर आणता येतो. डिफरन्शियलचं तोंडही थोडं फिरतं. प्रोपेलर शाफ्टचे कोन जुळले नाहीत, तर महामार्गाच्या वेगाला गाडी थरथरते. चार इंचांच्या पुढे गेल्यावर ॲक्सलसाठी चॅसिसच्या पट्टीत खाच कापून तिथे पोलादी कवच बसवण्याची पाळी येऊ शकते. कुटुंबाच्या गाडीनं त्या वाटेला जाऊ नये.

ज्या टाहोला मागची उंची आपोआप राखणारी कारखान्याची ऑटोराइड यंत्रणा आहे, तिथे आणखी एक गाठ असते. उंची मोजणाऱ्या सेन्सरचा दुवा नव्या उंचीशी जुळवला नाही, तर गाडी भारानं दबली असं समजून कॉम्प्रेसर मागच्या शॉकअपमध्ये हवा भरतो.

मोठी रिम बसवायची असेल, तर चाकांचा हिशेब त्या मानानं सोपा. २७५/५५ आर २० हा टायर सुमारे ८१० मिलिमीटर व्यासाचा, २८५/४५ आर २२ सुमारे ८१५चा. रिम मोठी झाली तरी बाहेरचा व्यास तोच राहिला, तर स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्ही खरं बोलतात. भार पेलण्याचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नको.

या भागांचा व्यवसाय कॅलिफोर्नियात रुजला. बेलटेक आणि मॅकगॉहीज या दोन्ही कंपन्या फ्रेस्नो परिसरातल्या. त्याच राज्यानं १९५८मध्ये रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नसावा, असा कायदा केला होता. त्यावर १९५९मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या ‘एक्स-सोनिक’ कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप जोडले आणि बटणावर वर-खाली होणारी गाडी उभी केली. ते कलम २०२४च्या आरंभी रद्द झालं. भारतात मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. निर्मात्याच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. पुण्यातल्या फॉर्च्युनरला हे प्रयोग लागू नाहीत.

जिथे परवानगी आहे, तिथे शेवटचं काम सर्वांत जास्त टाळलं जातं. आर्ममधल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पक्के केले, तर चाकं जमिनीवर टेकताच ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं. बोल्ट आवळायचे ते गाडीचा भार चाकांवर आल्यावरच. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून व्हील अलाइनमेंट काम संपताच एकदा आणि काही आठवडे गाडी चालवल्यावर पुन्हा करून घ्यावं. आणि हेडलाइट खाली वळवून घ्यावेत: ‘टू-थ्री’मध्ये मागची बाजू जास्त उतरलेली असते, त्यामुळे पुढचा प्रकाश पूर्वीपेक्षा उंच जाऊन समोरच्या चालकाच्या डोळ्यांत शिरतो.