होक्काइदोची पस्तिसावी वाहिनी

जपानी दूरचित्रवाणीची हकिगत सांगावयास बसलेला लेखक बहुधा तोक्योपासून आरंभ करतो आणि तोक्योतच थांबतो. १९५३च्या फेब्रुवारीत सार्वजनिक एनएचकेने व ऑगस्टात पहिल्या खाजगी कंपनीने तेथूनच प्रक्षेपण सुरू केले असल्यामुळे त्याला फारसा दोषही देता येत नाही. तथापि खाजगी प्रक्षेपणाचा परवाना तिकडे प्रांतवार दिला जात असल्याने या व्यवसायाची खरी नाडी प्रांतोप्रांतीच्या लहान वाहिन्यांतच सापडते, असे माझे मत आहे.

साप्पोरो येथील होक्काइदो टेलिव्हिजन, म्हणजे एचटीबी, ३ नोव्हेंबर १९६८ रोजी सुरू झाली, तेव्हा एचबीसी व एसटीव्ही या दोन खाजगी वाहिन्या अनुक्रमे १९५७ व १९५९ पासून त्या मुलखात बस्तान बसवून होत्या. मागून आलेल्या या कंपनीच्या वाट्याला यूएचएफ पट्ट्यातील ३५ क्रमांक आला. तो जुन्या संचांवर दिसत नसे, आणि वेगळा अँटेना व जोडयंत्र यांचा खर्च ज्याने सोसला त्यालाच तिचे दर्शन घडे. साप्पोरोलगतच्या १,०२३ मीटर उंचीच्या तेइने पर्वतावर मनोरा उभारला, तरी सुमारे ८३,००० चौरस किलोमीटरांचा तो डोंगराळ, हिमाच्छादित प्रदेश एका मनोऱ्याच्या आवाक्यातला नव्हता, आणि खोऱ्याखोऱ्यांतून उपकेंद्रे बांधणे क्रमप्राप्त झाले.

अशा वाहिनीचा प्रपंच चालतो तो मुख्यतः राजधानीच्या जिवावर. संध्याकाळचे मोक्याचे तास तोक्योच्या टीव्ही असाहीकडून आलेल्या कार्यक्रमांनी भरावयाचे, त्यांसोबत येणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नाचा हिस्सा घ्यावयाचा, आणि स्वतःच्या निर्मितीसाठी उरलीसुरली वेळ व तुटपुंजी रक्कम राखावयाची, ही तेथील वहिवाट होय. सुखाची खरी, पण माणसाला आळशी करणारी!

त्या उरल्यासुरल्या वेळेतूनच ९ ऑक्टोबर १९९६ रोजी ‘सुइयो दो देश्यो’ हा रात्रीचा कार्यक्रम निघाला. सुझुई ताकायुकी व ओइझुमी यो हे दोघे पडद्यावर, फुजिमुरा व उरेशिनो हे दोघे दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे, आणि हा चौघांचा फड हाच जवळजवळ सारा सरंजाम. ओइझुमी तर तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थी होता. त्यांच्या प्रसिद्ध फाशांच्या प्रवासात पुठ्ठ्यावर सहा पर्याय लिहिलेले असत. फासा टाकावा आणि पडेल ते वाहन निमूटपणे पकडून साप्पोरोची वाट शोधावी. घराकडे नेणाऱ्या विमानाची आस धरून बसलेल्या ओइझुमीला फुकुओकाची रात्रबस लाभे, आणि तोक्योहून हजारावर किलोमीटर, चौदा-पंधरा तास आखडून बसल्यावर त्याच्या मुखातून जी तक्रार बाहेर पडे, तीत कॅमेऱ्यामागील फुजिमुराचे खदखदून हसणेही ऐकू येई. व्यावसायिक दृष्टीने हा दोष. प्रेक्षकांना मात्र तोच भावला. देखाव्यासाठी पैसा नव्हता म्हणून माणसांच्या भांडणावर कॅमेरा स्थिरावला, आणि इतर प्रांतांतील वाहिन्या तो कार्यक्रम विकत घेऊ लागल्या. मुख्यालयाशेजारच्या ज्या उद्यानात विचित्र पोशाख चढवून प्रस्तावना चित्रित होई, तेथे दूरदूरचे चाहते यात्रेकरूंसारखे येऊ लागले. २००२ साली नियमित मालिका संपली, तरी हा ओघ आटला नाही.

६ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे भूकंप होऊन जवळजवळ संपूर्ण बेटाची वीज गेली व घरोघरीचे संच बंद पडले. त्याच महिन्यात एचटीबीने जुने मुख्यालय सोडून शहराच्या मध्यभागी बिऱ्हाड हलविले. रिकाम्या वास्तूचा हिशोबी उपयोगही लगेच झाला: पन्नाशीनिमित्त काढलेल्या व एका प्रांतिक वाहिनीतील नवशिक्या वार्ताहर मुलीची कथा सांगणाऱ्या मालिकेचे चित्रीकरण तेथेच झाले, ती २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवरही आली, आणि एव्हाना देशभर नामांकित झालेला ओइझुमी तीत भूमिका करावयास हजर होता.