‘पिण्यास अयोग्य’ म्हणजे जंतू जहालच?

पावसाळ्यात कर्जत-खालापुरातल्या विहिरींचे, झऱ्यांचे नमुने तपासणीला जातात आणि ग्रामपंचायतीत कागद येतो, ‘पिण्यास अयोग्य’. तेवढ्यावर ‘पाण्यात गॅस्ट्रोचे जहाल जंतू सापडले’ असं बोलणं सुरू होतं. दुसऱ्या बाजूला माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतला म्हातारा म्हणतो, आमच्या आज्यापणज्यानं हाच झरा प्याला. दोन्ही बाजू त्या कागदाला त्याच्याजवळ नसलेलं उत्तर विचारतात.

कागद सांगतो ते इतकंच, की पाण्यात विष्ठा उतरली आहे. ई-कोलाय हा त्याचा माग. १८८५ साली डॉक्टर एशेरिश यांनी वर्णन केलेला हा जंतू निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो आणि त्याचे बहुतेक वाण निरुपद्रवी असतात. थोड्याच वाणांकडे विष तयार करणारी किंवा आतड्याला चिकटवणारी जनुकं असतात. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत साधा आणि घातक वाण सहसा सारखेच दिसतात. तरी १०० मिलिलीटर पाण्यात एकही ई-कोलाय नको, असं भारतीय मानक सांगतं ते बरोबरच आहे. साधा जंतू ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं घातकही येऊ शकतो. पाणी नितळ दिसतं, याला काही अर्थ नाही. कातळाच्या भेगांतून धावत येणारं पाणी नीट गाळलं जात नाही. गावपातळीवरच्या तपासणीत बाटली काळी पडते, तीही हायड्रोजन सल्फाइडमुळे. त्या रंगात पटकीचं (कॉलऱ्याचं) किंवा टायफॉइडचं नाव लिहिलेलं नसतं.

मग जहालपणा कळतो कसा? ही गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. जर्मन शास्त्रज्ञ कॉख यांनी १८८४ साली पटकीच्या जंतूवर बोट ठेवलं, पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं सिद्ध होईना. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोऱ्यानं दोन्हीकडे बांधला आणि त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्यानं टम्म फुगला. हे १९५३ साली. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्ण गाळून काढलेला द्रव वापरला, तरी तेच झालं. म्हणजे ढाळ लावणारं विष जंतूबाहेर पडत होतं. या कामाला नोबेल मिळालं नाही, हे मला आजही खटकतं.

पुढे १९९६ मध्ये कळलं, की त्या विषाचं जनुक पटकीच्या जंतूत एक विषाणू घेऊन येतो. म्हणून नदी-खाडीत राहणारे पटकीचे पुष्कळ जंतू हे विष तयार करूच शकत नाहीत. आता पीसीआर या जनुक-चाचणीनं ते जनुक काही तासांत शोधता येतं. पण जनुक असणं आणि विष बनणं एक नव्हे; त्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर परिणाम बघतात. हगवणीच्या शिगेलासाठी पूर्वी गिनीपिगच्या डोळ्यावर चाचणी करत. टायफॉइडचा जंतू फक्त माणसाचा. साध्या उंदरावर त्याची खरी परीक्षा होतच नाही.

जहालपणा जन्मजात आणि कायमचा असतो, हाही भ्रम. मुंबईतल्या परळच्या संस्थेला १९२५ पासून ज्यांचं नाव आहे, त्या हाफकिन यांनी पॅरिसमध्ये पटकीचा जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात नेत नेत अधिक उग्र केला होता, तेही लस बनवायला. ती लस १८९२ च्या जुलैत त्यांनी आधी स्वतःला टोचली. त्याच वर्षी म्युनिकमध्ये आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर पटकीचे जिवंत जंतू प्याले आणि जुलाबांवर निभावले. किती जंतू पोटात गेले, जठरातलं आम्ल किती, अंगात ताकद किती, सगळंच मोजावं लागतं. शिगेलाचे दहा ते शंभर जंतूही पुरतात. पटकीला सहसा त्याच्या हजारो पट लागतात. आणि कातकरी वाडीतल्या कुपोषित पोराला तोच वाण शहरातल्या धडधाकट माणसापेक्षा जास्त आजारी पाडतो. हे कुठल्याच बाटलीत दिसत नाही.

औषधाला दाद न देणारा जंतू जहालच असतो, असंही नाही. प्रतिकार आणि जहालपणा या बहुधा वेगळ्या जनुकांच्या गोष्टी. शिवाय जहाल जंतू उकळत्या पाण्यात साध्यापेक्षा जास्त तग धरत नाही. टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) योग्य मात्रा ई-कोलायच्या साध्या आणि घातक वाणात फरक करत नाही.

साथीचा जंतू खरोखर ओळखायचा तर पाण्याइतकाच रुग्णाच्या शौचाचा नमुना लागतो, तोही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. गोळीनंतर जंतू बशीत वाढेलच असं नाही, आणि वाढलाच नाही तर पेशींवर तपासायला हाती काही उरत नाही.